उसना आवाज

शर्वाणी चौगुले ही मुलगी वर्गात कधी मागच्या बाकावर बसली नाही आणि कधी गप्पही बसली नाही. त्यामुळे त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन नुसतीच उभी राहिली तेव्हा उज्ज्वलाबाईंनी ओळखलं, पोरीच्या हाती काहीतरी मोठं लागलंय.

उज्ज्वला मगदूम इचलकरंजीतल्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या मुलांना माध्यमांचा कायदा आणि नीतिमत्ता शिकवत. विषयाचं नाव ऐकूनच जांभई यावी. बदनामी, कोर्टाचा अवमान, खासगीपणाचा हक्क, सगळं एकाहून एक रुक्ष. पण त्यांचा तास कुणी बुडवत नसे. कलमं सांगता सांगता बाई मध्येच जुन्या केबलच्या दिवसांत शिरायच्या आणि घंटा झाली तरी बाहेर यायच्या नाहीत. वयाची साठी उलटली होती, मानधनावर शिकवत होत्या, आणि गाव त्यांना अजूनही 'शहरवार्ता'वाली उज्ज्वला म्हणून ओळखत होतं. निदान गावातली म्हातारी माणसं तरी.

शर्वाणीनं एक इयरफोन त्यांच्या हातात दिला. म्हणाली, आधी ऐका, मग सांगते.

कानात एका पुरुषाचा आवाज सुरू झाला. जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी किंचित खाली बसणारा. रक्ताच्या पिशव्यांबद्दल बोलत होता. उज्ज्वलाबाईंनी टेबलाची कड धरली. हा आवाज त्यांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता. गेलेला माणूस असा भर दुपारी कानाशी येऊन बोलायला लागला तर कुणाचंही काळीज हलेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते शर्वाणीनं पाहिलं, आणि तिला त्याचा जो अर्थ लावायचा तो तिनं लावला.

"सदाशिव मुरदंडे," ती म्हणाली. "रक्तपेढीची भानगड बाहेर काढणारा माणूस. तुम्ही वर्गात कायम सांगता ना, त्या बातमीतला. इतकी वर्षं कुणाला नाव माहीत नव्हतं, मॅडम. आम्हाला मिळालं."

उज्ज्वलाबाईंनी इयरफोन काढून तिच्या हातात परत दिला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातला एक शब्द जरी तोंडातून गेला असता तरी एका बाईचं घर मोडलं असतं.

आता हे नाव कसं मिळालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर चमत्कार वाटेल, आणि यात चमत्कार काही नाही. पूर्वी टीव्हीवर एखाद्या साक्षीदाराची ओळख लपवायची तर त्याचा आवाज जाड करायचे किंवा चिरका करायचे. म्हणजे सगळा आवाज एकाच पटीनं ताणायचा किंवा आवळायचा. पण घशाची पोकळी केवढी, टाळूचा घुमट कसा, दातांत फट कुठं, दोन शब्दांमध्ये श्वास कुठं तुटतो, या सगळ्यांचं आपसातलं प्रमाण ताणलं तरी तसंच राहतं. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेनं ते प्रमाण वाचणारं यंत्र बनवलं. नाव कंठमापक. हे यंत्र मुखवटा घातलेला आवाज घेतं आणि मूळ आवाज काढून देतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण घसा आणि टाळूची ठेवण नाकाच्या ठेवणीसारखी वारशानं येते. त्यामुळे त्या माणसाच्या आवाजाचा दुसरा एकही नमुना जगात शिल्लक नसला तरी बिघडत नाही, लेक सापडली की बाप सापडतो. सरकारनं जुन्या केबलवाल्यांच्या धूळ खात पडलेल्या टेपा गोळा करून ध्वनिभांडारात टाकल्या होत्या. शर्वाणीच्या गटानं प्रकल्पासाठी त्यातल्या मुखवट्याच्या मुलाखती यंत्राला घातल्या. यंत्रानं सांगितलं, हा माणूस मयूरी मुरदंडे हिचा बाप किंवा भाऊ. मयूरीचा गाऊन शिवण्याचा छोटा कारखाना होता आणि जाहिराती ती स्वतःच्याच आवाजात करायची. तिला भाऊ नव्हता.

कायदाही सोबत आला होता, तो येतोच, फक्त जरा उशिरा. स्वरहक्क कायद्याप्रमाणे माणसाचा आवाज ही त्याची मालमत्ता, आणि तो गेल्यावर वारसाची. मुखवटा काढून मिळालेलं नाव वारसाच्या संमतीशिवाय छापता येत नाही. वारसानं नकार दिला तर ती मुलाखत कायमची मोहरबंद होते, पुन्हा कुणी तिला यंत्र लावू शकत नाही. उज्ज्वलाबाई हे कलम दरवर्षी शिकवत आणि फार चांगलं कलम आहे असं म्हणत.

"मयूरीताईंना ऐकवलंस?" त्यांनी विचारलं.

ऐकवलं होतं. ताई रडल्या होत्या, हसल्या होत्या, पुन्हा पुन्हा लावायला सांगत होत्या. सोमवारी विभागात येऊन कॅमेऱ्यासमोर संमती देणार होत्या. मग शर्वाणीनं ते विचारलं ज्यासाठी ती आली होती. बातमी तेव्हा मॅडमनीच केली होती, तर हा माणूस तोच, एवढं मॅडमनी सांगावं.

"सांगणार नाही."

"माहीत होतं," शर्वाणी म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. सूत्राविषयी विचारलं तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, कारण चारचौघांना नाही म्हटलं की पाचवा आपोआप उघडा पडतो, हे याच बाईंनी तिच्या डोक्यात भरलं होतं. यंत्र म्हणजे साक्षीदार नव्हे, एवढंच उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यावर पोरगी शांतपणे म्हणाली, मुलीनं वडिलांचा आवाज ओळखला, म्हणजे दुजोरा झाला. तिचं काही चुकत नव्हतं. शिकवलेलं सगळं तिनं बरोबर केलं होतं आणि उत्तर चुकलं होतं.

कारण आवाज सदाशिव मुरदंड्यांचा, म्हणजे सदाभाऊंचाच होता. बोलणं त्यांचं नव्हतं.

त्या दिवसांचं काय सांगावं. कापसाच्या गोदामावरच्या गच्चीत पत्र्याची एक खोली, बाहेर डिश अँटेना, आत गरम झालेल्या मशिनांचा वास. 'शहरवार्ता' म्हणजे सदाभाऊंच्या केबलवर संध्याकाळी लागणारं अर्ध्या तासाचं बातमीपत्र. उज्ज्वला बातम्या आणायची, कॅमेऱ्यावरचा मुलगा जमेल तसं चित्रण करायचा, आणि सदाभाऊ टेपांची जोडणी करायचे, तारा ओढायचे, वर्गणी मागायचे आणि सगळ्यांना चहा पाजायचे. गावात रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट. म्हणून कुणाची मुलाखत घ्यायची तर मागांची सुट्टी बघून घ्यायची. पैसा कुणाकडंच नव्हता आणि मजा सगळ्यांची होती. आता मुलांना स्टुडिओ आहे, आवाज न येणाऱ्या भिंती आहेत, सगळं आहे. तरी उज्ज्वलाबाईंना त्या पत्र्याच्या खोलीसाठी जीव कासावीस व्हायचा.

अमृतबिंदू रक्तपेढीचं सांगायला सुमतीबाई आल्या त्या अशाच एका सुट्टीच्या दिवशी. डॉक्टर तारदाळ्यांची सून. पेढी सासऱ्यांची, कारभार नवऱ्याच्या हातात, आणि प्रयोगशाळा हिच्याकडं. रक्त न तपासताच पिशव्यांवर तपासल्याची चिठ्ठी लागत होती. दर महिन्याला रक्त चढवावं लागणारी लहान पोरं त्या पिशव्यांवर जगत होती. घरात बोलून पाहिलं, तर नवऱ्यानं सांगितलं, तू स्वयंपाकाकडं बघ. बाईंनी उज्ज्वलाला सगळं सांगितलं, एकदाच, न अडखळता. पण पडद्यामागंसुद्धा बसायला तयार नव्हत्या. आवाज कितीही बदला, म्हणाल्या, माझ्या घरचे माझ्या थांबण्यावरून ओळखतील.

मग कुणाच्या तरी आवाजात ते बोलणं घ्यायला हवं होतं. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज गावाला पाठ. सदाभाऊ मात्र पडद्यावर कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, मी बोलतो की, त्यात काय. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज यायचा. उज्ज्वलानं एक वाक्य सांगायचं, सदाभाऊंनी ते म्हणायचं, मग तिचा आवाज कापून टाकायचा आणि सदाभाऊंचा जाड करायचा. पहिल्यांदा त्यांना हसूच आवरेना. घामानं सदरा भिजला. आणि मग पोरांचा भाग आला तेव्हा ते हसायचे थांबले आणि अशा काही आवाजात बोलले की उज्ज्वला पुढचं वाक्य सांगायला विसरली.

फसवणूक नको म्हणून बातमी दाखवताना खाली पट्टी दिली होती, हा आवाज मूळ व्यक्तीचा नाही. पण तेव्हा पट्ट्या टेपवर नसायच्या. बातमीपत्र चालू असताना नावं टाकायच्या मशिनवरून सदाभाऊ त्या थेट सोडायचे. भांडारात गेली ती बिनपट्टीची टेप. पट्टी त्या संध्याकाळी ज्यांनी पाहिली त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली आणि संपली. कुणाला वाटणार होतं की टेप माणसांपेक्षा जास्त जगेल?

उज्ज्वलाबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच सुमतीबाईंकडे गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकींशी बोलणं टाळलं होतं. मंडईत समोरासमोर आल्या तर दोघी भाज्यांकडे बघायच्या. आता सुमतीबाई सत्तरी पार केलेल्या, मुलाच्या बंगल्यात राहणाऱ्या. मुलगा अभिनंदन, लहान मुलांचा डॉक्टर, दवाखान्यात गेला होता. दिवाणखान्यात सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. पेढी बंद झाली, सासऱ्यांना शिक्षा झाली, नवरा झुरून गेला. मुलगा एवढंच जाणत होता की कुणीतरी आतल्या नोकरानं आजोबांचा घात केला. आजोबा चुकले होते हे त्याला मान्य होतं. पण घात करणाऱ्याचं नाव कळलं तर तोंड बघणार नाही, असं तो अजून म्हणायचा.

सुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग जे म्हणाल्या ते उज्ज्वलाबाईंना अपेक्षित नव्हतं.

"ते बोलणं माझं होतं. एकेक वाक्य मी मनात जुळवून आणलं होतं. इतकी वर्षं वाटायचं, निदान ते कुणाचंच नाही. आता ते दुसऱ्याच्या नावावर जाणार म्हटल्यावर पोटात तुटतंय. या वयात हे बरं दिसतं का?"

बरं न दिसायला काय झालं, उज्ज्वलाबाई म्हणाल्या, मलाही तुटतंय. मग नाव न सांगण्याच्या जुन्या शब्दातून मला मोकळं करा, असं त्यांनी विनवलं. सुमतीबाईंनी मान हलवली. नाही. मुलाच्या घरात राहते तोवर नाही. आणि आवाज सदाभाऊंचा पण बोलणं दुसऱ्याचं एवढं जरी बाहेर आलं, तरी बोलण्याची ढब मोजणारी यंत्रं आता आहेतच. पेढीच्या खटल्यातली सुमतीबाईंची जबानी कोर्टाच्या दफ्तरात होती. कुणीही बसल्या जागी ताडून बघितलं असतं.

"पण त्यांच्या मुलीला नाव मिळत असेल तर मिळू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात माझ्यामुळं मोडला."

सदाभाऊंचा उजवा हात त्या बातमीनंतर मोडला होता, केबलच्या तारा कापल्या गेल्या होत्या. केबलवाल्यांची आपसातली मारामारी, असं सदाभाऊंनी स्वतः सांगितलं होतं आणि उज्ज्वलानं त्यावर विश्वास ठेवला होता. त्या काळात अशा मारामाऱ्या होतच होत्या.

"केबलवाले नव्हते ते," सुमतीबाई म्हणाल्या. "आमच्या यांनी माणसं पाठवली होती. आवाज कुणाचा ते त्यांनी हुडकून काढलं होतं, पट्टीही वाचली होती. त्यांना फक्त पाहिजे होतं, बोलणारं कोण. दुपारी जेवताना यांनी मामंजींना सांगितलं, हात मोडला तरी तोंड उघडत नाही. मी भाकरी वाढत होते. वाढत राहिले."

उज्ज्वलाबाईंना सदाभाऊंचा राग आला. वर्षानुवर्षं गच्चीवर एका किटलीतला चहा प्यालेला माणूस, आणि त्यानं आपल्यालाही सांगू नये? मग लक्षात आलं, की आपल्याला सांगितलं असतं तर आपण बातमी केली असती. तेव्हा आपण चोवीस-पंचवीसच्या होतो. नक्की केली असती.

निघताना त्यांनी सुमतीबाईंना सांगून पाहिलं, की सदाभाऊंना तुमच्या जागी बसवणं हे खोटं आहे. सुमतीबाईंनी विचारलं, त्या खोट्यानं कुणाचं वाईट होतंय? वर्गात कुणी विचारलं असतं तर उज्ज्वलाबाईंनी उत्तर दिलं असतं. शेवटी सुमतीबाई म्हणाल्या, मुलीला हाताचं सांगायचं तर सांगा. माझं नाव तेवढं नको.

झाली की नाही पंचाईत? गप्प बसलं तर सगळेच सुखी. मयूरीला हिरो बाप, शर्वाणीला आयुष्यातली पहिली मोठी बातमी, सुमतीबाईंचं गुपित तर आणखीच पक्कं, कारण माणूस सापडला म्हटल्यावर पुढं कोण शोधतंय. फक्त एक धडधडीत खोटी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच विद्यार्थिनीच्या नावानं छापली जाणार, आणि ती खोटी आहे हे आपल्याला ठाऊक असणार. रिक्षात बसून उज्ज्वलाबाईंनी स्वतःला खूप समजावलं, की एवढं चालतं. नाही पटलं.

मयूरीच्या कारखान्यात दहा-बारा शिलाई मशिनं चालली होती. तिनं मॅडमना आत घेतलं, गाऊनचे गठ्ठे बाजूला सारून खुर्ची पुसली आणि पहिलं काम काय केलं, तर फोनवर बाबांचा आवाज लावला. मशिनांच्या आवाजात तो नीट ऐकूही येईना. तरी ती हसत होती.

तिच्याजवळ वडिलांचा आवाज नव्हताच कुठं. गेले तेव्हा ती शाळकरी होती. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट होती, पण तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी घातलेली, बाबा नुसते तोंड हलवताना दिसतात. आवाज कसा होता तेच विसरून गेले होते, ती म्हणाली. आणि केबल बुडवलेला माणूस एवढीच त्यांची ओळख उरली होती. केबल गेल्यावर आई मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला जायची. मामा घरी आला की ऐकवायचा, नवरा जरा हुशार असता तर ही वेळ आली नसती. आता मामाला ती बातमी फ्रेम करून देणार होती.

उज्ज्वलाबाईंना वाटलं, चहा घ्यावा आणि उठावं. खरंच वाटलं. पण मयूरीनं तोंड पुसून सरळ विचारलं.

"मॅडम, हे बाबाच ना?"

आवाज त्यांचाच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण ज्या खऱ्यानं समोरचा फसतो ते खरं बोलायचं नाही, हेही त्या शिकवतच आल्या होत्या.

"आवाज तुझ्या बाबांचा आहे," त्या म्हणाल्या. "बोलणं त्यांचं नाही. कुणाचं ते मला सांगता येत नाही."

मयूरीनं फोन बंद केला. उज्ज्वलाबाईंनी मग तिला सांगता येईल तेवढं सगळं सांगितलं. गच्चीवरची खोली, बंद पंखा, पट्टी. मारामारी केबलवाल्यांची नव्हती, बाबांकडून एक नाव काढायला माणसं आली होती, ते त्यांनी हात मोडेपर्यंत दिलं नाही आणि नंतर कुणाला बोलून दाखवलं नाही, हेही सांगितलं.

मयूरी ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता, पण आधी आला तो संतापच. मॅडमनी यायलाच नको होतं, ती म्हणाली. चार दिवस बाप मिळाला होता, तोही घेऊन चाललात. तुमचं काय जात होतं गप्प बसायला? उज्ज्वलाबाईंनी ते ऐकून घेतलं. तिला तो हक्क होता.

"संमती द्यायची तर दे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी कुठंही, कधीही बोलणार नाही. तुझ्या बाबांचं नाव होईल. नको वाटलं तर देऊ नकोस, टेप बंद होईल. पण खरं जे घडलं ते छापता येणार नाही, मयूरी. ते छापलं तर बाबांनी हात मोडून घेतला तो फुकट गेला."

एका बाईनं येऊन दोरा विचारला, मयूरीनं कपाटाकडं बोट दाखवलं. मग तिनं विचारलं, ते माणूस आहे अजून? उज्ज्वलाबाई गप्प राहिल्या.

"बरं, नका सांगू," मयूरी म्हणाली, आणि चहा आला होता तो तिनं त्यांच्यापुढं सरकवला.

काय ठरवलं ते तिनं सांगितलं नाही. मधले दोन दिवस उज्ज्वलाबाईंचं कशात लक्ष लागेना. स्वयंपाक करताना, चालताना, सारखे सदाभाऊ आठवत. डाव्या हातानं जोडणी करायला शिकले होते नंतर, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, उजवा थकला, त्याला रजा दिली. सगळे हसायचे. उज्ज्वलाही हसली होती. आता ते हसू आठवून त्यांना रडू यायचं, आणि तरी मन परत परत त्याच गच्चीवर जायचं. आयुष्यात त्याहून चांगले दिवस त्यांनी पाहिले नव्हते.

सोमवारी मयूरी नवी साडी नेसून विभागात आली. शर्वाणीनं कॅमेरा, दिवे, सगळं मांडून ठेवलं होतं. वर्ग भरला होता. उज्ज्वलाबाई मागच्या बाकावर बसल्या. शर्वाणीनं कायद्याचं वाक्य वाचून दाखवलं, मुखवटा काढलेल्या आवाजाचं नाव प्रसिद्ध करायला वारस म्हणून आपली संमती आहे का.

"नाही," मयूरी म्हणाली.

शर्वाणीला वाटलं, ताईंना प्रश्न समजला नाही. तिनं पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. मग पोरगी गडबडली. काय झालं, कुणी दम दिला का, आमचं काही चुकलं का, तिनं एकामागून एक विचारलं. मयूरी म्हणाली, कुणी काही केलं नाही, मलाच नको. कारण? कारण सांगायचं नाही. शर्वाणीनं वळून मॅडमकडे पाहिलं. बाईंचा चेहरा कोरा होता, पण ही मुलगी हुशार होती, आणि तो कोरा चेहरा तिनं जरा जास्तच वेळ न्याहाळला. तिचे ओठ हलले. पुढचा प्रश्न तिच्या अगदी जिभेवर होता आणि तो बरोबर होता.

शर्वाणीनं तो विचारला नाही. तिनं मान खाली घातली आणि कॅमेरा बंद केला. इतक्या वर्षांत शिकवल्याचं समाधान उज्ज्वलाबाईंना कधी एवढं झालं नव्हतं, आणि त्याचं कौतुक त्यांना कधी करताही येणार नव्हतं.

कायद्याप्रमाणे आता मुलाखत मोहरबंद व्हायची होती. घरच्यांच्या प्रतीला बंदी नव्हती, ती मयूरीकडं राहणार होती. तरी तिनं विचारलं, बंद करायच्या आधी एकदा मोठ्यानं लावाल का, सगळ्यांसमोर. कारखान्यात नीट ऐकू येत नाही.

शर्वाणीनं वर्गातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं. सदाभाऊ बोलू लागले. चांगली वीस-बावीस पोरं, एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता, आणि कुणी हललं नाही. प्रत्येक वाक्याच्या आधी थोडी शांतता होती. मुलांना वाटलं असेल, माणूस भीत भीत बोलतोय. उज्ज्वलाबाईंना माहीत होतं, तिथं त्यांचा स्वतःचा पंचविशीतला आवाज होता, कापून टाकलेला. प्रत्येक शांततेत त्या मनात वाक्य सांगत होत्या आणि सदाभाऊ ते म्हणत होते. तिघांचं बोलणं होतं ते. पोरांचा भाग आला. आवाज जड झाला. सगळ्यात शेवटी ते वाक्य आलं, माझं नाव सांगत नाही, कारण मला उद्याही याच माणसांत जगायचंय.

मयूरीनं पदरानं डोळे पुसले, फोन पिशवीत टाकला आणि उठली. ऑर्डर पुरी करायची होती, बाया खोळंबल्या असतील, म्हणाली.

शर्वाणी तिच्यामागून दारापर्यंत गेली. तिचेही डोळे भरले होते, आणि थोडा रागही होता, तो लपत नव्हता.

"ताई, एवढा मोठा माणूस," ती म्हणाली, "आणि कुणालाच कळणार नाही?"

मयूरीनं चपला घातल्या.

"मला कळलं की," ती म्हणाली.

शर्वाणी परत आली, टेबलाशी बसली आणि तिनं मुलाखत मोहरबंद केली.